तारामती काळी नाही

"म्याडम, सगळं नाद खुळा झालंय. फक्त तेवढं म्हशीला काळं मारून द्या," असं विजयसिंह फोनवर म्हणाला तेव्हा मी ओट्याशी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं आणि चहा कप सोडून ओट्यावरून खाली माझ्या पायावर आला. भाजलं. पण ओरडले नाही, कारण सगळं लक्ष त्या एका शब्दाकडं लागलं होतं. "काळं म्हणजे?" मी विचारलं. "काळं म्हंजे काळं की! म्हैस हाय ती. तुम्ही पाठीला निळी केलीया, फासळ्यास्नी जांभळी केलीया, पोटाखाली तर हिरवीच दिसती. लोकं काय म्हनतील? परवा पाडवा. त्याच्या आत येऊन एक हात मारून जावा." बघते म्हणाले आणि फोन ठेवला. बघते! एकतीस वर्षं शाळेत नोकरी केलेल्या बाईच्या तोंडात हा शब्द आयता असतो. ओटा पुसला, पायावर पाणी ओतलं, उरलेला चहा उभ्यानंच प्यायले, आणि मग राग आला. विजयसिंहाचा नंतर आला. आधी आला तो त्या 'बघते'चा.

विजयसिंह कसबा बावड्यातला. बावीस म्हशींचा गोठा, गल्लोगल्लीचं दूध गोळा करायचा धंदा, आणि आता नवं दूध संकलन केंद्र बांधलंय, त्यात मोठा हॉल. मी बावड्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हाचा माझा विद्यार्थी. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हा हार घेऊन आला होता आणि म्हणाला होता, म्याडम, आता माझ्या तारामतीचं एक चित्र काढा, हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर लावतो. तारामती म्हणजे त्याची पंढरपुरी म्हैस, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगांना रिबिनी, मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं धडाडत जातो, म्हैस त्याच्या मागं शेपूट वर करून पळते. बाहेरच्या माणसाला हसू येतं. येऊ दे. तारामतीनं तीन वर्षं पहिला नंबर सोडलेला नाही. मी चित्राचं काही घेणार नव्हते. एकच बोलले होते, की ते त्या भिंतीवर लागलं पाहिजे. रोज सकाळ-संध्याकाळ चारशे माणसं त्या हॉलमध्ये दूध घालायला येतात. माझ्या वयाच्या एकोणसाठ वर्षांत माझं एकही चित्र या गावात कुणी येता-जाता बघावं अशा जागी लागलेलं नाही. मला ते हवं होतं. फार हवं होतं, लाज वाटण्याइतकं.

दसऱ्यानंतर मी जायला लागले. मंगळवार पेठेतून पहिली बस, रंगांची पेटी मांडीवर, कॅनव्हास ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला टेकवलेला. कंडक्टर रोज विचारायचा, "मावशी, दार घेऊन कुठं निघालासा?" गोठ्यात विजयसिंहाची आई धोंडुबाई धार काढत असायच्या. सत्तरीच्या, नारिंगी लुगड्यातल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. "आदी दूध प्या, मग रंग खेळा," म्हणून फेसाचा ग्लास हातात द्यायच्या, म्हशीच्या अंगाइतका कोमट. तो प्यायल्याशिवाय पेटी उघडायची सोय नव्हती. सव्वासातला ऊन शेजारच्या पत्र्यावरून खाली उतरायचं आणि आठला भिंतीपलीकडं सरकायचं. एवढाच माझा वेळ, पाऊण तास. आठ वाजले की ब्रश जिथं असेल तिथं थांबवायचा, मनात कितीही खाज असली तरी. कारण आठनंतरची म्हैस वेगळी असते, आणि सव्वासातच्या म्हशीवर आठची म्हैस चढवली की दोन्ही मरतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझे वडील मीरासाब पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, ट्रकांच्या, आणि पाडव्याला शिंगंसुद्धा. त्यांचा सगळा जीव काठात असायचा. काठ सरळ तर अक्षर सरळ, असं म्हणत माझं बोट धरून ते भिंतीवर रेघ ओढायचे. मी आधी रेघ काढणं सोडलं त्याला वर्षच झालं. कॅनव्हासला पातळ विटकरी हात द्यायचा, डोळे बारीक करायचे, म्हैस विसरायची, शिंग विसरायचं, आणि सगळ्यात उजळ डाग कुठं आहे तो पकडून तिथून सुरुवात करायची. डागाला डाग लावत जायचं. म्हैस आपोआप येते, नाहीतर येत नाही.

पहिले पाच दिवस ती आली नाही. अल्ट्रामरीन निळा आणि सिएना तपकिरी एकत्र करून मी काळ्यासारखा रंग करत होते, आणि कॅनव्हासवर नुसतं भोक पडत होतं. रोज घरी येऊन रंगाच्या बोथट सुरीनं खरवडून टाकत होते. सहाव्या दिवशी गेले तर तारामतीला भादरलेलं. अंगावर केस नाही, नुसतं कातडं, आणि धोंडुबाई तेलात काजळ कालवून तिच्या अंगाला चोळत होत्या. मनगटापर्यंत हात काळे. पाडवा येईपर्यंत रोज असंच चोळायचं, म्हणजे ती उन्हात झळकते. "आता बगा," त्या बाजूला होत म्हणाल्या, "कशी काळीभोर दिसती." मी बघितलं. आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कारण तिच्या पाठीवर आभाळ होतं. सबंध, फिकट निळं, पत्र्याच्या काठापर्यंतचं आभाळ. फासळ्यांवर सावलीचा जांभळा. पोटाखाली ओल्या वैरणीचा हिरवा. मानेला एक नारिंगी पट्टा, तो धोंडुबाईंच्या लुगड्याचा, आणि त्या हलल्या की तो हलत होता. माणसांनी तिला जितकी काळी करता येईल तितकी काळी केली होती आणि त्यामुळंच तिच्यावर काळा म्हणून उरलाच नव्हता, सगळं जग येऊन बसलं होतं. मी मोठ्यानं हसले. धोंडुबाईंनी विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. आनंद झाला होता, एवढंच. असा आनंद मला तेविसाव्या वर्षी एकदा झाला होता.

तेव्हा मी शेवटच्या परीक्षेसाठी अम्मीला बसवलं होतं. बसवलं म्हणजे ती बाजारातून आली आणि पिशव्या खाली ठेवून जिन्यात दम खात बसली, ती मला तशीच हवी होती. तिचा बुरखा दहा वर्षं धुऊन धुऊन उडालेला, खांद्यावर तपकिरी, मांडीवर जिथं पिशवी घासायची तिथं जवळजवळ वांगी रंगाचा, आणि जिन्याच्या झरोक्यातून संध्याकाळ येत होती ती बाहीवर किरमिजी होऊन बसत होती. आठ संध्याकाळी मी तो बुरखा रंगवला. काळ्याचा थेंब नव्हता. कॉलेजातले सर कॅनव्हाससमोर उभे राहिले, हसले, आणि म्हणाले, "बुरखा काळा असतो हे तुला मी सांगायचं?" मग त्यांनी स्वतः माझ्या पॅलेटवर काळ्याची ट्यूब पिळली. बोटाच्या पेराएवढा गोळा. मी बघते म्हणाले. मग मारला. पाऊण तासात अम्मी गेली आणि तिथं एक काळा शंकू उरला, वर चेहरा चिकटवलेला. फर्स्ट क्लास मिळाला. प्रदर्शनाला अम्मी आली, खूप वेळ बघत राहिली, आणि हसत म्हणाली, "मैं कां हूँ गे इसमें?" ती चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती खरंच स्वतःला शोधत होती. त्याच फर्स्ट क्लासवर चार वर्षांनी मला नोकरी लागली, आणि त्यानंतर एकतीस वर्षं मी जे बघते ते रंगवलं नाही. फुलदाणी रंगवली, डबा रंगवला, प्रजासत्ताक दिनाचे फलक रंगवले. लोक म्हणायचे हाफिजाबाईंचा हात फार स्वच्छ. अगदी स्वच्छ होता, मोरीतल्या फरशीसारखा.

तर तारामतीचं चित्र पुरं करून मी हॉलमध्ये पोचवलं, मग तो फोन आला आणि हे सगळं उसळून वर आलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. घरात फिरत राहिले. मनाशी म्हणत होते, एवढं काय त्यात? मानेखाली थोडं, पोटाखाली थोडं, विजयसिंहाचा मान राखल्यासारखं होईल आणि चित्र भिंतीवर राहील. चारशे माणसं बघतील. त्यातल्या एखाद्याला पाठीवरचं निळं तरी दिसेल. सगळं गेलं तर काय राहिलं? पाडव्याच्या दुपारी निघाले तेव्हा वाटेत दुकानात थांबून काळ्याची एक ट्यूब घेतली. निवृत्त झाल्या दिवशी पेटीतली काळी ट्यूब मी स्वतः कचऱ्यात टाकली होती, आणि आता स्वतः जाऊन नवी घेतली. हे कबूल करते. बसमध्ये ती मुठीत धरून बसले आणि मला माझी इतकी घाण वाटली की दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेले.

हॉलमध्ये झेंडूच्या माळा लावणं चाललं होतं. चार फूट बाय तीन फूट, माझी तारामती समोरच्या भिंतीवर टांगलेली होती, वर रेशमी फडका गुंडाळून तयार. खाली विजयसिंह, पांढऱ्या इस्त्रीत, आणि त्याच्या शेजारी जोतीराम, बावड्यातले वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स करणारा. जोतीरामच्या हातात काळ्या ऑइल पेंटचा डबा होता, पत्र्याला मारतात तो. म्हणजे तयारी होती. धोंडुबाई कोपऱ्यात चटईवर बसून फुलं निवडत होत्या. "या म्याडम या," विजयसिंह म्हणाला, "चार वाजता पावणं येत्यात. तुमच्याच्यानं व्हत नसंल तर जोतीराम मारतो, त्याला सवय हाय." "कशाची सवय?" "काळ्याची की." जोतीराम बिचारा डबा मागं लपवायला लागला. मी म्हटलं, "विजय, तू सकाळी सव्वासातला गोठ्यात येऊन कधी तिच्या पाठीकडं बघितलंस का?" तो म्हणाला, "म्याडम, मी तिच्या पाठीवर वाढलोय. ती काळी हाय. आन् हे मला कुनी शिकवलं? तुम्हीच शिकवलंसा की!"

मला कळेना. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "सहावी ब," तो म्हणाला. "तुम्ही म्हनलासा, घरातलं जनावर काढा. मी म्हैस काढली, जांभळी. तुम्ही लाल पेनानं तिच्याभोवती गोल मारलासा आन् खाली लिवलंसा, म्हैस काळी असते. धापैकी तीन मार्क दिलासा. पोरं महिनाभर मला जांभळ्या म्हनत हुती." धोंडुबाईंनी फुलं निवडायचं थांबवलं. मला आठवत नव्हतं. अजिबात आठवत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. वर्षाला सहा तुकड्या, एकतीस वर्षं, किती गोल मारले असतील मी? ज्या हातानं अम्मीवर काळा मारला तोच हात मग पेन घेऊन वर्गावर्गांतून हिंडला, आणि या बावड्यात, या रस्त्याला, या हॉलमध्ये दूध घालायला येणाऱ्या निम्म्या माणसांच्या डोळ्यांना मीच पट्टी बांधून दिली. त्या सरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. हे मात्र कुणी मला तोंडावर सांगितलं नव्हतं. शेजारी खुर्ची होती, बसले नाही.

"चुकलं माझं, विजय," मी म्हटलं. "तुझी म्हैस बरोबर होती. दहापैकी दहा." मग तो एकदम म्हणाला, "कुठली बरोबर म्याडम! माझा काळा खडू मोडलाता म्हनून जांभळा घेतलाता!" जोतीराम फिस्सकन हसला. मग धोंडुबाई हसल्या, आणि मलाही हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. बरंच झालं. मी काही त्या पोरातला मोठा कलावंत मारला नव्हता. पण गोल मारला होता, तो मारला होताच. हसता हसताच पिशवीतून ट्यूब काढली आणि जोतीरामच्या हातात दिली. "हे घे, चांगल्यातलं आहे, फ्लेक्स सोडून कधी काही करशील तर जपून वापर." मग विजयसिंहाला म्हटलं, "चित्र मी नेते."

"नेता म्हंजे? आवो फडका बांधलाय, पत्रिकेत छापलंय!" "भिंतीला घड्याळ लाव. दूध घालायला येणाऱ्याला घड्याळ लागतंच." "म्याडम, तुम्ही हट्टाला पेटलासा." "व्हय," मी म्हटलं. एकतीस वर्षांत वर्गात हा शब्द कुणी उच्चारला तर मी 'हो म्हणा' म्हणून दटावत आले. "व्हय, पेटलेय. हिच्या अंगावर काळा नाही. तू मारशील, जोतीराम मारेल, माझ्या हातून आता काळा लागायचा नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत तुमच्याही हातून लागू देणार नाही." विजयसिंह भिंतीपुढं आडवा आला. अंगानं दांडगा, सहज अडवू शकला असता. तेव्हा धोंडुबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत. "आरं विज्या, सर. बाईनं केलंय, बाईचं हाय. त्या न्हेत्याल न्हाईतर जाळत्याल." मग माझ्याकडं वळून, तसंच तोडून, "मलाबी ते निळंबिळं काय पटलं न्हाय बाई. पर सकाळच्याला ती मान अशीच टाकती, ते खरं हाय." आणि त्यांनी स्टुलावर चढलेल्या मला खालून चित्राचा काठ धरून दिला. अंगठ्याला रंग लागला तो त्यांनी लुगड्याला पुसला.

बाहेर आले तर रस्ता बंद. दोन्ही बाजूंना माणूस, गच्च्यांवर माणूस, रिक्षा नाही, बस नाही. म्हशींची रांग सुरू झाली होती. रंग अजून ओला, जाड थर दिलेला, सुकायला महिना लागला असता. त्यामुळं चित्र अंगाकडं धरता येईना. मागच्या आडव्या पट्टीला दोन्ही हात घातले आणि रंगाची बाजू बाहेर करून चालायला लागले. दुसरी वाट नव्हती, म्हणून रस्त्याच्या मधूनच. पुढं एक म्हैस, शिंगांना गुलाबी रिबिनी, मागं एक मोटारसायकल फाडफाड करत, मध्ये मी. मला समोरचं फक्त काठावरून दिसत होतं. पहिल्यांदा कुणीतरी शिट्टी मारली. मग, "आरं ही निळी म्हैस बघ!" मग हशा. एक बाई कडेवरच्या लेकराला दाखवत होती. एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, रंगात बुडवून काढली काय?" धूळ उडत होती, ती ओल्या रंगावर बसत होती, ते मला न बघता कळत होतं. म्हशीच्या शेपटीचा एखादा केसही चिकटला असणार. चिकटू दे. दंड थरथरत होते, भाजलेला पाय चुरचुरत होता, हशा दोन्ही बाजूंनी अंगावर येत होता, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. माणसं बघत होती. हसायला तरी त्यांना बघावं लागत होतं. पाठीवरचं निळं, फासळ्यांचं जांभळं, मानेचा नारिंगी, सगळं, मी ठेवलं तसं, जिथं ठेवलं तिथं.

चौकात स्टेज होतं. तिथं प्रत्येक म्हशीला थांबवून माईकवरचा माणूस तिचं नाव आणि मालकाचं नाव पुकारतो. पुढची गुलाबी रिबिनींची म्हैस नाचून गेली आणि मी समोर आले. माईकवरचा माणूस पुढं वाकला. मग तो म्हणाला, "आरं! ही कुनाची म्हैस म्हनायची? ओ बाई! थांबा की वाईच. मालकाचं नाव सांगा." मी थांबले. हात आखडले होते तरी चित्र खाली टेकवलं नाही. मागं फाडफाड आवाज मोठा होत होता आणि गर्दीतून आरोळी उठली होती, विजयसिंहाची तारामती येत होती.

"हाफिजा मीरासाब जमादार," मी ओरडून सांगितलं. "मंगळवार पेठ."

"आन् म्हशीचं नाव?"

"तारामती."

"आवो, तारामती विजयसिंहांची! ती काय मागनं येतीया!"

"ती त्याची," मी म्हटलं. "ही माझी. माईकवरनं सांगा."